हाक, ओ आणि अंतर : 'पिंगर'च्या अहवालांच्या भाषेची एक चिकित्सा

१

शास्त्रीय सहकार्याचा विचार सामान्यतः यंत्रे, निधी आणि करार यांच्या अनुषंगाने केला जातो. भाषेचा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. झालाच तर अहवाल शुद्ध व सुबोध असावा एवढ्यापुरताच होतो. वस्तुतः अनेक देशांतील माणसांना मिळून जेव्हा एकाच वस्तूचे मापन करावयाचे असते, तेव्हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न भाषेचाच असतो. एका ठिकाणी ज्याला 'हरवले' म्हणावयाचे त्यालाच दुसऱ्या ठिकाणी 'उशिरा आले' म्हटले गेले, तर दोन्ही ठिकाणचे आकडे आपापल्या जागी अचूक असूनही त्यांची बेरीज निरर्थक ठरते. सहकार्याचे संयोजन हे या दृष्टीने प्रथम अर्थांचे संयोजन असते. यंत्रांचे संयोजन त्यामागून येते.

या विधानाची परीक्षा घेण्यास 'पिंगर' हे इंटरनेटच्या कार्यक्षमतेवर नजर ठेवणारे आंतरराष्ट्रीय सहकार्य अत्यंत सोयीचे आहे. त्याचा आरंभ १९९५ साली कॅलिफोर्नियातील 'स्लॅक' या प्रवेगक-संस्थेत लेस कॉटरेल यांच्या पुढाकाराने झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपक्रमाचे वय मराठी वाचकाला सहज उमगेल. मूलकण-भौतिकीचे प्रयोग एका देशात होत आणि त्यांतून निघणारी माहिती अनेक देशांतील विद्यापीठांना हवी असे. तेव्हा या विद्यापीठांना जोडणारे दुवे कितपत विश्वासार्ह आहेत, हा आरंभीचा व्यावहारिक प्रश्न होता. पुढे २००० नंतरच्या वर्षांत ट्रिएस्ट येथील आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्र, पाकिस्तानातील राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, आणि कालांतराने मलेशियातील सारावाक विद्यापीठ यांच्या सहभागाने या कार्याचे क्षेत्र विकसनशील देशांपर्यंत पसरले. ऐन भरात असताना १६० हून अधिक देशांतील ७०० हून अधिक ठिकाणे त्याच्या निरीक्षणाखाली होती. भावी प्रवेगकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने आंतरप्रादेशिक संपर्काच्या विचारासाठी एक स्थायी समिती नेमली होती. तिच्यापुढे या निरीक्षणाचे वार्षिक अहवाल ठेवले जात. हे अहवाल तांत्रिक दस्तऐवज म्हणून पुष्कळांनी वाचले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार भाषिक रचना म्हणून करावयाचा आहे.

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष आरंभीच नमूद करणे इष्ट होईल. मापनाच्या प्रत्यक्ष क्रियेच्या जवळ राहणारी या अहवालांची परिभाषा असाधारण काटेकोर आहे. परंतु हीच भाषा मापनापासून दूर जाऊन प्रदेशांविषयी निर्णय देऊ लागते, तेव्हा तिच्यात एक रूपक शिरते आणि ते मापनाने न सांगितलेल्या गोष्टी सांगू लागते.

२

पिंगरचे सर्व मापन ज्या एका क्रियेवर उभे आहे तिचे स्वरूप प्रथम पाहावे. इंटरनेटवरील एक संगणक दुसऱ्याकडे एक छोटे पॅकेट पाठवितो. ते मिळताच दुसऱ्याने त्यातील मजकूर जसाच्या तसा परत धाडावा, असा संकेत जॉन पोस्टेल यांनी १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या संदेशनियमांत घालून दिला होता. या संकेताचा उपयोग करणारा 'पिंग' हा आज्ञावलीरूप प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या यंत्रातून निघणाऱ्या ध्वनीवरून त्यांनी त्याला हे नाव दिले. नाव अशा रीतीने ध्वन्यनुकारी आहे. त्याच्या अक्षरांची फोड करून एक लांबलचक इंग्रजी नाव मागाहून जुळविण्यात आले, ती केवळ लौकिक व्युत्पत्ती होय.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या क्रियेत एक परिचित गोष्ट दिसेल. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली असे दाखवून दिले होते की, माणसांच्या बोलण्याचा बराच भाग माहिती देण्यासाठी नसतो, तर संबंध राखण्यासाठी असतो. रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांत संपर्कमार्ग चालू आहे की नाही हे अजमावण्याच्या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. पिंग म्हणजे या कार्याचे निर्भेळ उदाहरण. पॅकेटातील मजकुराला काहीही अर्थ नसतो. तो परत आला, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या व्यवहाराला नेमके शब्द पूर्वीपासून आहेत. एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी. 'ओ' या उत्तरात 'आहे' याखेरीज काही सांगितलेले नसते. पण ती मिळाली नाही तर हाक मारणारा अस्वस्थ होतो. शिवाय 'हाकेच्या अंतरावर' या प्रयोगात मराठीने अंतराचे माप पावलांत वा कोसांत न देता हाक पोचण्यात दिले आहे. पिंगरनेही नेमके हेच केले. दोन ठिकाणांमधील अंतर त्याने हाक व ओ यांच्यामधील काळात मोजले.

३

एकाच हाकेवरून काही ठरवावयाचे नाही, हा या सहकार्याचा पहिला नियम. प्रत्येक निरीक्षणकेंद्र दर अर्ध्या तासाने प्रत्येक दूरस्थ केंद्राला आधी १०० बाइटांची ११ पॅकेटे आणि मग १००० बाइटांची १० पॅकेटे, निदान एकेका सेकंदाच्या अंतराने, पाठवी. त्यांतील पहिले पॅकेट हिशेबात धरले जात नसे. कारण त्याच्या काळात वाटेवरील यंत्रांनी पत्ता शोधण्याचा वेळही मिसळलेला असे. बोलींचे क्षेत्रीय सर्वेक्षण करणारा अभ्यासकही निवेदकाचे पहिले, बिचकत दिलेले उत्तर प्रमाण धरीत नाही. त्यामागील विचार हाच आहे.

या हाकांच्या उत्तरांतून पाच गोष्टी वर्णिल्या जात. पहिली, फेरीचा काळ. दुसरी, पॅकेटांचा लोप. तिसरी, अगम्यता, म्हणजे दहांपैकी एकाही हाकेला ओ न मिळणे. चौथी, निवांतपणा, म्हणजे दहाही हाकांना ओ मिळणे. पाचवी, अनिश्चितता, म्हणजे या वर्तनात वेळोवेळी पडणारा फरक. या पाच संज्ञांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. अगम्यता आणि निवांतपणा ही एकाच मापाची दोन टोके आहेत. मधल्या सर्व अवस्थांचे वर्णन लोप करतो. संज्ञेचे मूल्य तिच्या शेजारच्या संज्ञांशी असलेल्या भेदातून ठरते, हे सोस्यूर यांचे तत्त्व येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरले आहे. त्यातही शांत मार्गाला 'उत्तम' किंवा 'वेगवान' असे न म्हणता 'निवांत' म्हणण्यात एक संयम आहे. मार्गावर त्या क्षणी गर्दी नव्हती, एवढेच तो शब्द सांगतो.

'लोप' या संज्ञेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पाणिनीने लोपाची व्याख्या न दिसण्याच्या आधारे केली, आणि व्याकरणपरंपरेने त्यात हे स्पष्ट केले की, ज्याची प्राप्ती होती त्याचेच न दिसणे म्हणजे लोप. जे कधी यावयाचेच नव्हते त्याचा लोप होत नाही. लोपाच्या मुळाशी अशा रीतीने एक अपेक्षा असते. पॅकेटांच्या बाबतीत ही अपेक्षा मुदतीच्या रूपाने बांधावी लागते. पिंगरमध्ये ती मुदत २० सेकंदांची होती. एकविसाव्या सेकंदाला आलेले उत्तर वस्तुतः आलेले असते. परंतु परिभाषेत ते लुप्त ठरते. १९९८ च्या मे महिन्यात पॅक्सन, आल्मिस, महादवी आणि मॅथिस यांनी इंटरनेटच्या मापनासंबंधी जो पायाभूत मसुदा प्रसिद्ध केला आणि १९९९ साली त्याच्या पाठोपाठ विलंब व लोप यांच्या ज्या स्वतंत्र व्याख्या प्रसिद्ध झाल्या, त्यांतही हा प्रश्न उघडपणे मांडलेला आहे. तेथे लुप्त पॅकेटाचा विलंब अनिर्वचनीय, व्यवहारतः अनंत, मानण्यात आला आणि किती वेळ वाट पाहावयाची ते मापन करणाऱ्याने सांगितलेच पाहिजे असे बंधन घातले. वाट पाहणे कोठे संपते हा संकेताचा प्रश्न आहे आणि तो संकेत उघड सांगितला पाहिजे, ही जाणीव या परिभाषेचे खरे बळ होय.

तथापि मौनाचे सगळेच प्रकार या व्यवस्थेत सामावत नाहीत. पिंगचा दुरुपयोग करून दुसऱ्याचे यंत्र बंद पाडण्याचे प्रकार १९९० नंतरच्या दशकात वाढले. २००३ च्या ऑगस्टमध्ये पसरलेल्या 'वेल्चिया' या किड्यानेही जागोजाग पिंगचा पूर आणला. परिणामी अनेक संस्थांनी अनोळखी हाकांना ओ देणेच बंद केले. अशा संस्थेचे द्वार बंद असते, मार्ग मोकळाच असतो. पिंगरच्या तक्त्यात मात्र ती 'अगम्य' दिसते. तोंडावर हात ठेवलेला माणूस आणि घरी नसलेला माणूस यांच्यातील भेद केवळ हाकेवरून करता येत नाही. हा दोष अहवालकर्त्यांच्या लक्षात होता. अशी ठिकाणे ओळखून वगळणे व त्यांच्या जागी दुसरी शोधणे, हे त्यांच्या नित्य कामांपैकी एक होते.

४

आकड्यांचे विशेषणांत रूपांतर होते त्या जागी अहवालांची भाषा पहिले धोक्याचे पाऊल टाकते. आरंभी शेकडा १ पर्यंत लोप असल्यास मार्ग 'चांगला', १ ते ५ असल्यास 'चालण्याजोगा', ५ ते १२ असल्यास 'निकृष्ट' आणि त्याहून अधिक असल्यास 'वाईट' अशी श्रेणी होती. मागाहून तिच्यात बदल करण्यात आला. शेकडा ०.१ च्या आतील मार्गाला 'उत्कृष्ट' म्हणण्यात आले, 'चालण्याजोगा' ची वरची मर्यादा २.५ वर आणली गेली, २.५ ते ५ 'निकृष्ट' झाले आणि ५ ते १२ साठी 'अतिशय निकृष्ट' हे नवे विशेषण आले.

या बदलाचे कारण सबळ होते आणि ते सांगितलेही गेले. १९९५ साली इंटरनेटचा मुख्य उपयोग पत्रे व फाइली पाठविण्यासाठी होता. त्यांत एखादे पॅकेट हरवल्यास ते पुन्हा पाठविता येते व वाचणाऱ्याला ते कळतही नाही. पुढे ध्वनी आणि चलच्चित्रे पाठविली जाऊ लागली. बोलण्याच्या ओघात हरवलेला तुकडा मागाहून येऊन उपयोग नसतो. तेव्हा विशेषणांचा अर्थ मार्गावरून न ठरता त्या मार्गाने काय न्यावयाचे आहे यावरून ठरला. विशेषण हे विशेष्याचा गुण सांगते अशी समजूत असते. येथे ते वापरणाराची गरज सांगते.

ही गोष्ट ध्यानात न घेता जो वाचक दोन काळांतील तक्ते शेजारी ठेवील त्याची फसगत होईल. शेकडा ४ लोप असलेला एखादा मार्ग पूर्वी 'चालण्याजोगा' होता आणि नंतर 'निकृष्ट' झाला, असे त्याला दिसेल. मार्ग मात्र होता तसाच आहे. शब्द तेच राहून अर्थ सरकला, म्हणजे ऐतिहासिक भाषाशास्त्रात ज्याला अर्थपरिवर्तन म्हणतात ते येथे ठरवून, तारखेनिशी घडविण्यात आले. अहवालांत मर्यादा दिलेल्या असतात, ही त्यांची बाजू. परंतु तक्त्यातून विशेषण उचलून भाषणात वा वृत्तपत्रात नेणारा मर्यादा बरोबर नेत नाही.

५

नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी या सहकार्याला जो अनुभव आला, तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. एखाद्या देशाचे मापन करावयाचे तर त्या देशातील यंत्राला हाक मारावयास हवी. यंत्र कोणत्या देशातील आहे हे त्याच्या नावाच्या शेवटी असलेल्या देशवाचक अक्षरांवरून कळेल, असे सकृद्दर्शनी वाटते. पण विकसनशील देशांतील कित्येक विद्यापीठांनी आपली संकेतस्थळे युरोपात वा अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर ठेवलेली असत. नाव आफ्रिकेचे आणि यंत्र अमेरिकेतील, असा प्रकार होई. अशा यंत्राला हाक मारली की झटकन ओ येई, आणि तक्त्यात त्या आफ्रिकी देशाची स्थिती अकारण सुधारलेली दिसे.

यावर उपाय भौतिकीनेच दिला. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरासाठी जाण्यायेण्यास निदान एक मिलिसेकंद लागतोच. कॅलिफोर्नियातून मारलेल्या हाकेला आफ्रिकेतील म्हणविणारे यंत्र २० मिलिसेकंदांत ओ देत असेल, तर ते २,००० किलोमीटरांच्या आत कोठेतरी असले पाहिजे; ते आफ्रिकेत असणे शक्य नाही. उलट, भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्या मार्गे हाक व ओ मिळून हे अंतर चार वेळा तोडावे लागते, आणि म्हणून उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आसपासच्या काळाआधी येऊच शकत नाही. किमान फेरीच्या काळावरून अशा रीतीने नावाची शहानिशा करता येई आणि मार्ग समुद्रतळाने जातो की आकाशातून, हेही कळे. नावावर विश्वास न ठेवता उत्तराच्या स्वरूपावरून बोलणाराचे स्थान ओळखावयाचे, ही दक्षता पिंगरच्या परिभाषेतील सर्वांत प्रशंसनीय भाग आहे.

६

हे सर्व मान्य करून आता अहवालांतील त्या वाक्यप्रयोगाकडे वळले पाहिजे, जो सर्वाधिक गाजला आणि सर्वाधिक चिंत्य आहे. अमुक प्रदेश युरोपच्या इतकी वर्षे 'मागे' आहे, असे विधान या अहवालांत वर्षानुवर्षे येत राहिले. आफ्रिकेविषयी ते एका दशकाहून अधिक काळाच्या भाषेत येई. दक्षिण आशियाही या यादीत असे.

हे विधान कसे तयार होते ते पाहू. फेरीचा काळ व लोप यांवरून मार्गाची वहनक्षमता अजमावण्याचे एक सूत्र मॅथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडले. त्यानुसार क्षमता ही फेरीच्या काळाच्या आणि लोपाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. यात निरीक्षकाच्या जवळ असणाऱ्याला आपोआप लाभ मिळतो. म्हणून अंतराची दुरुस्ती करण्यात आली, ही न्याय्य गोष्ट झाली. मग प्रत्येक प्रदेशाची क्षमता वर्षांगणिक आलेखावर मांडली. उभ्या अक्षावर दर पायरीला दसपट असे माप घेतल्याने वाढीच्या वक्ररेषा जवळजवळ सरळ दिसू लागल्या. शेवटी एका प्रदेशाच्या आजच्या बिंदूपासून युरोपच्या रेषेपर्यंत आडवे अंतर मोजले. ते आडवे अंतर म्हणजे 'मागे' असलेली वर्षे.

आलेखावरील क्रिया निर्दोष आहे. तिला दिलेले नाव मात्र तसे नाही. 'मागे' हा शब्द काळ व स्थल या दोहोंत संचार करतो. मराठीत 'दहा वर्षांमागे' म्हटले म्हणजे गतकाळ, 'रांगेत मागे' म्हटले म्हणजे स्थान, आणि 'मागासलेला' म्हटले म्हणजे योग्यतेचा निर्णय. 'पुढे' आणि 'पुढारलेला' यांचेही तसेच. इंग्रजीतील त्या अर्थाच्या शब्दाची गतही वेगळी नाही. एकदा हा शब्द स्वीकारला की त्याच्याबरोबर एक संपूर्ण चित्र येते. सगळे प्रदेश एकाच वाटेवरून एकामागून एक चालले आहेत. पुढच्याने जी ठिकाणे ओलांडली तीच मागच्याला ओलांडावयाची आहेत. आणि जो मागे आहे तो हळू चालल्यामुळे मागे आहे. आलेखाने यांपैकी काहीही सिद्ध केलेले नसते.

हे चित्र अपुरे आहे, याचा पुरावा त्याच मापनात मिळतो. २००९ च्या जुलैमध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'सीकॉम' ही समुद्रतळाची तार सुरू झाली. तोपर्यंत तेथील बहुतेक वाहतूक उपग्रहामार्गे होत होती. तार सुरू होताच, ज्या संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या त्यांच्या फेरीच्या काळात पायरी उतरावी तशी घट झाली. वर्षांची वाट एका दिवसात संपली. जी वाट चालून संपवावयाची असते ती अशी संपत नाही. उलट, ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन तारा तुटल्या, तेव्हा इजिप्त आणि पाकिस्तानप्रमाणेच भारताचीही वाहतूक कोलमडली. भारताची पश्चिमेकडील बरीच वाहतूक मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या तारांतून येते. त्यामुळे महाराष्ट्रातील कार्यालयांनीही तो आठवडा अनुभवला. त्या दिवशी भारत काही वर्षे 'मागे' गेला असे कोणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. तार तुटली, असेच सर्वांनी म्हटले.

येथे भेद स्पष्ट होतो. तार तुटते तेव्हा भाषा कारण सांगते. तार नसते तेव्हा भाषा वर्षे सांगते. वस्तुतः दोन्ही स्थितींत प्रश्न तारेचाच आहे. आणि तारेबरोबरच तिच्या भाड्याचा, विजेच्या भरवशाचा, आणि शेजारी देशांमधील पत्रे युरोपला वळसा घालून का जातात याचा आहे. ही कारणे अहवालकर्त्यांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. शेजारच्या दोन आफ्रिकी देशांतील पॅकेटे सातासमुद्रांपलीकडून फिरून येतात, हे त्यांनीच दाखवून दिले. लेस कॉटरेल यांनी २०१३ साली आफ्रिकेतील इंटरनेटविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखाचाही हाच विषय होता. परंतु कारणे आतील पानांत राहतात आणि 'मागे' हा शब्द सारांशात जातो. निधी देणारा अधिकारी सारांश वाचतो.

या शब्दाच्या बाजूने जे सांगता येईल तेही सांगितले पाहिजे. मिलिसेकंद आणि लोपाची शेकडेवारी यांनी कोणत्याही मंत्रालयाचे मन द्रवत नाही. डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हा येथे आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे माहिती-समाजाविषयी जागतिक शिखर परिषदा भरल्या, त्या काळात या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधण्यास वर्षांचा हिशेब उपयोगी पडण्याजोगा होता, हे नाकारता येणार नाही. याच काळात 'डिजिटल दरी' हे दुसरे रूपकही रूढ झाले, आणि अहवालांत ही दोन्ही रूपके शेजारी नांदताना दिसतात. त्यांचा परस्परांशी मेळ नाही. दरीवर पूल बांधावयाचा असतो आणि तो दोन्ही काठांवरून बांधावा लागतो. शर्यतीत मागे पडलेल्याला मात्र स्वतःच धावावे लागते. पहिले रूपक जबाबदारी वाटते, दुसरे ती एकावर टाकते. ज्या अहवालांना पहिली गोष्ट अभिप्रेत होती त्यांनी दुसरीची भाषा वापरावी, हा विसंवाद होय.

७

याच विसंवादाची दुसरी बाजू वाक्यरचनेत आढळते. तांत्रिक अहवालांच्या परिपाठास अनुसरून येथील बहुतेक वाक्ये कर्मणी आहेत. पॅकेटे पाठविली जातात, उत्तरे नोंदविली जातात, केंद्रे वाढविली जातात. कोण पाठवितो आणि कोण नोंदवितो हे वाक्यात येत नाही. यंत्रांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. परंतु हे सहकार्य केवळ यंत्रांवर चाललेले नव्हते. प्रत्येक निरीक्षणकेंद्रामागे एक माणूस असे. वीज गेल्यानंतर यंत्र पुन्हा चालू करणे, पत्ता बदलल्यास तो कळविणे, संस्थेच्या सुरक्षा-व्यवस्थापकाला ही हाक निरुपद्रवी आहे हे पटविणे, ही कामे तो करी, आणि बहुधा आपले मुख्य काम सांभाळून करी. तो विद्यार्थी असल्यास शिक्षण संपल्यावर निघून जाई आणि केंद्र मूक होई. पाकिस्तानातील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मापनाची साधने, नकाशे व तक्ते तयार करण्यात मोठा वाटा उचलला. त्यांच्यातील काही जण 'स्लॅक' मध्ये राहून काम करून गेले. ज्या प्रदेशाला अहवालाचे एक वाक्य 'मागे' म्हणते, त्याच प्रदेशातील तरुण ते वाक्य ज्या आकड्यांवर उभे आहे ते आकडे गोळा करीत होते. कर्मणी रचनेत ही गोष्ट दिसेनाशी होते. येथे कर्त्याचा लोप झाला आहे, आणि पाणिनीय अर्थाने तो खरा लोप आहे, कारण त्या ठिकाणी कर्त्याची प्राप्ती होती.

या प्रकाराला भाषाशास्त्राच्या स्वतःच्या इतिहासात एक समांतर उदाहरण आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात सर्व ठिकाणी एकच मजकूर, उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, भाषांतरासाठी पाठविण्यात आला. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकारी व त्यांचे स्थानिक मदतनीस यांनी तो आपापल्या बोलींत उतरवून परत धाडला. एकसारखी हाक, ठिकठिकाणची उत्तरे आणि केंद्रस्थानी संकलन, अशी तीच रचना. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक खंडात त्या उत्तरांवरून कोंकणीला मराठीची बोली म्हणून स्थान देण्यात आले. उत्तरे जमविण्याची पद्धत शिस्तीची होती. निर्णयाचा शब्द मात्र केंद्राचा होता. तो शब्द दीर्घकाळ वादाचे निमित्त होऊन राहिला, आणि पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली व १९९२ साली तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. सर्वेक्षणाचे आकडे जुने होतात, पण त्यात वापरलेले वर्गवाचक शब्द पुढील पिढ्यांच्या हाती जसेच्या तसे जातात, हा त्या इतिहासाचा बोध आहे.

८

उपर्युक्त विवेचनावरून पिंगरच्या अहवालांचे मूल्य कमी होते असे कोणी समजू नये. मापनाची एकच साधी क्रिया घेऊन, तिच्यातील प्रत्येक संज्ञेची व्याख्या बांधून, परस्परांशी राजकीय सलोखा असो वा नसो अशा देशांतील संस्थांना एका व्यवस्थेत ओवणे, आणि ते काम तुटपुंज्या निधीत वर्षानुवर्षे चालविणे, हे सामान्य कार्य नव्हे. महाग व गुंतागुंतीची मापने ज्या संस्थांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांनाही या व्यवस्थेत भाग घेता आला. कारण पिंग प्रत्येक यंत्रात असतेच आणि त्याला दुव्याचा फार थोडा भाग लागतो. हाकेचा साधेपणा हीच सहभागाची सोय ठरली.

परंतु या साधेपणातून जी विश्वासार्हता मिळाली, तीच निर्णयाच्या शब्दाला उसनी देण्यात आली, ही गोष्ट चिकित्सकाने दाखविलीच पाहिजे. लोप, अगम्यता, निवांतपणा या संज्ञा आपली मर्यादा बरोबर घेऊन येतात. 'मागे' हा शब्द ती घेऊन येत नाही. अशा कार्याचे संयोजन करणाऱ्यांनी मापनाच्या संज्ञांइतकीच काळजी निष्कर्षाच्या संज्ञांचीही घ्यावी, विशेषणाबरोबर त्याची मर्यादा व तारीख सारांशातही द्यावी, प्रदेशाविषयी वर्षे सांगण्यापूर्वी कारण सांगावे, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले जाते त्या प्रदेशांतील सहकाऱ्यांनी तो मसुदा वाचल्याखेरीज तो बाहेर जाऊ देऊ नये, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरणार नाही. मराठीत तांत्रिक विषयांवर लिहिणाऱ्यांनाही हा विचार लागू आहे. कारण 'मागासलेला' हा शब्द आपल्या भाषेत इतका सहज येतो की तो वापरताना काही मोजले होते की नाही याची चौकशी होत नाही. दूरच्या केंद्राने हाकेला ओ दिली नाही, एवढेच जेव्हा ठाऊक असते, तेव्हा अहवालाने तेवढेच लिहावे आणि ओ का आली नाही याचा शोध घ्यावा.